मानजन्य डोकेदुखी व भौतिकोपचार

मानेचे मणके, त्यांमधील सांधे व चकत्या, अस्थिबंध किंवा मानेचे स्नायू यांत मूळ असलेली, परंतु डोक्यात जाणवणारी वेदना म्हणजे मानजन्य डोकेदुखी. ही वेदना बहुधा एकाच बाजूस असते व सहसा बाजू बदलत नाही. मानेच्या वरच्या भागातून किंवा डोक्याच्या पाठीमागून ती सुरू होते व पुढे कपाळ, कानशील आणि डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोहोचते. मान वळविल्याने, बराच वेळ एकाच स्थितीत ठेवल्याने किंवा मानेतील ठरावीक जागा बोटाने दाबल्याने ती उद्भवते अथवा वाढते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेल्या अशा दुखण्यावर सांध्यांचे हस्तसंचालन (हाताने सांधे हलविणे) व मानेच्या खोल स्नायूंचे व्यायाम यांवर आधारलेला भौतिकोपचार (फिजिओथेरपी) केला जातो. प्रस्तुत नोंदीत या उपचाराचा आणि तो ज्या कल्पनेवर उभा आहे तिचा विचार केला आहे.

मानेमुळे डोके दुखू शकते ही कल्पना जुनी असली, तरी तिचा शास्त्रीय इतिहास सरळ नाही. स्ट्रासबर्ग येथील तंत्रिकाविज्ञ (मज्जातंतूंच्या विकारांचे तज्ज्ञ) झाँ आलेक्सांद्र बारे यांनी १९२६ मध्ये मानेच्या मागील बाजूच्या अनुकंपी (अनैच्छिक क्रिया चालविणाऱ्या) तंत्रिकांच्या म्हणजे मज्जातंतूंच्या प्रक्षोभाने डोकेदुखी, चक्कर व कानात आवाज ही लक्षणे उद्भवतात, असे मांडले. त्यांचे शिष्य लिएऊ यांनी १९२८ मध्ये त्याचा विस्तार केल्यामुळे हा लक्षणसमूह दोघांच्या नावाने ओळखला गेला. स्विस वैद्य बेर्ची-रोशे यांनी १९४९ मध्ये ‘मानेची अर्धशिशी’ अशी संज्ञा वापरली. या दोन्ही मांडणींत मणक्यांतून जाणाऱ्या रोहिणीवर (शुद्ध रक्तवाहिनीवर) किंवा तिच्याभोवतीच्या अनुकंपी तंतूंवर भर होता. त्याला प्रयोगांचा आधार मिळाला नाही व आज ती उपपत्ती जवळजवळ सोडून देण्यात आली आहे, तरी बारे-लिएऊ हे नाव काही ग्रंथांत अजून आढळते.

आज रूढ असलेल्या अर्थाने ही संज्ञा १९८३ मध्ये नॉर्वेतील ट्रोन्हाइम येथील तंत्रिकाविज्ञ ओत्तार शोस्टाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी वापरली. डोकेदुखीच्या आणखी काही दुर्मिळ प्रकारांची ओळखही शोस्टाड यांच्याच नावाशी निगडित आहे, त्यामुळे त्यांच्या वर्णनाला सुरुवातीपासूनच वजन मिळाले. त्यांच्या दृष्टीने हा एकच रोग नसून मानेतील निरनिराळ्या विकृती ज्या एका वाटेने डोक्यात व्यक्त होतात, ती वाट होय. निदान मुख्यतः लक्षणचित्रावरून करावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने १९९० मध्ये निकष प्रसिद्ध केले व १९९८ मध्ये ते सुधारले. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेच्या १९८८ च्या पहिल्या वर्गीकरणाने मात्र ही संज्ञा स्वीकारली नाही व मानेच्या विकारांशी निगडित डोकेदुखी असे मोघम शीर्षक ठेवले. संज्ञेला मान्यता मिळाली ती २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीत.

याच्या विरुद्ध बाजूस ऑस्ट्रेलियातील शरीररचनाशास्त्रज्ञ निकोलाय बॉगडक यांचा दृष्टिकोन आहे. एकाच बाजूचे दुखणे व मान हलविल्याने होणारी वाढ ही लक्षणे अर्धशिशीतही दिसतात. म्हणून केवळ लक्षणांवरून मानेला दोषी ठरवू नये, तर मानेतील विशिष्ट रचना भूल देऊन बधिर केल्यावर दुखणे थांबते हे दाखवावे, असे या पक्षाचे म्हणणे आहे. वर्गीकरणाची २०१८ ची तिसरी आवृत्ती या दुसऱ्या मताकडे अधिक झुकलेली दिसते. तीनुसार डोकेदुखी निर्माण करू शकणाऱ्या मानेतील विकृतीचा तपासणीत किंवा प्रतिमांकनात (क्ष-किरण चित्र इत्यादींत) पुरावा हवाच. त्याशिवाय पुढील चार बाबींपैकी किमान दोन आढळाव्या लागतात : विकृती व दुखणे यांचा कालसंबंध; विकृतीबरोबर दुखण्यातही लक्षणीय सुधारणा; मानेची मर्यादित हालचाल व हालचालीच्या चाचण्यांनी दुखण्यात होणारी लक्षणीय वाढ; आणि निदानात्मक बधिरीकरणाने दुखणे नाहीसे होणे. भौतिकोपचारकाच्या दैनंदिन कामात बधिरीकरण क्वचितच उपलब्ध असते. त्यामुळे व्यवहारात निदान संभाव्यच राहते व ते तसेच नोंदविणे योग्य.

दुखणे मानेत असून डोळ्यामागे का जाणवते, याचे स्पष्टीकरण मेंदूच्या देठाजवळील रचनेत मिळते. चेहरा, कपाळ व मेंदूची आवरणे यांची संवेदना वाहणाऱ्या त्रिमूल तंत्रिकेचे तंतू मेंदूतून खाली उतरून मेरुरज्जूच्या वरच्या ग्रैव (मानेतील) भागापर्यंत येतात. तेथे करड्या द्रव्यात पहिल्या तीन ग्रैव तंत्रिकांचे तंतूही संपतात. या दोन्हींचे तंतू एकाच चेतापेशीवर येऊन मिळत असल्याने त्या पेशीने पुढे पाठविलेला वेदनासंदेश नेमका कोठून आला, हे मेंदूला ठरविता येत नाही व दुखणे कपाळावर ‘वाचले’ जाते. उंदरांवर केलेल्या प्रयोगांत डोक्याच्या पाठीमागील मोठी तंत्रिका उत्तेजित केल्यावर मेंदूच्या आवरणाकडून येणाऱ्या संवेदनेला या पेशींचा प्रतिसाद वाढल्याचे दिसले आहे. त्यामुळे ही वाट दुहेरी आहे आणि अर्धशिशीच्या रुग्णाला मान दुखते म्हणून तिचे मूळ मानेत आहे असे ठरत नाही. लेखकाच्या मते या एका मुद्द्याकडे झालेले दुर्लक्ष हेच अनावश्यक मानोपचारांचे मुख्य कारण आहे.

वेदनेचा उगम शारीरदृष्ट्या पहिल्या तीन ग्रैव तंत्रिकांच्या क्षेत्रापुरता मानणे अधिक सुरक्षित आहे. त्यात कवटी व पहिला मणका यांमधील सांधा, पहिला व दुसरा मणका यांमधील बाजूचा सांधा, दुसरा व तिसरा मणका यांमधील पार्श्व सांधा आणि या भागाचे अस्थिबंध व स्नायू येतात. यांपैकी दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांमधील सांध्याचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे, कारण त्यावरून डोक्याच्या मागील भागाकडे जाणारी तिसरी पश्चकपाल तंत्रिका बधिर करणे तुलनेने सोपे असते. वाहनाच्या धडकेत मानेला हिसका बसलेल्या रुग्णांवरील १९९४ च्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात या सांध्यातून उद्भवणारी डोकेदुखी २७ टक्के रुग्णांत आढळली आणि ज्यांची मुख्य तक्रारच डोकेदुखीची होती त्यांच्यात हे प्रमाण ५३ टक्के होते. तिसऱ्या मणक्याच्या खालील भागातूनही डोकेदुखी होऊ शकते असे काही शल्यचिकित्सक मानतात, पण त्याची यंत्रणा समाधानकारकपणे मांडली गेलेली नाही. चाळिशीनंतरच्या क्ष-किरण चित्रांत दिसणारी मणक्यांची झीज वेदना नसलेल्या व्यक्तींतही विपुल आढळते. ‘मणक्याची झीज आहे म्हणून डोके दुखते’ हे सर्वत्र ऐकू येणारे विधान त्यामुळे पुराव्यावाचूनचे ठरते.

लोकसंख्येतील या डोकेदुखीच्या प्रमाणाबाबतचे आकडे निकषांप्रमाणे बदलतात. डेन्मार्कमधील १९९५ च्या पाहणीत २० ते ५९ वयोगटातील सर्वसाधारण लोकसंख्येत ते सुमारे २.५ टक्के भरले. नॉर्वेतील व्होगो या दरीतील १,८३८ प्रौढांच्या तपासणीत ते ४.१ टक्के आले.

आयुर्वेदीय ग्रंथांशी तुलना अनेकदा केली जाते. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील अर्धावभेदकाच्या वर्णनात मन्या म्हणजे मान, भुवई, शंख म्हणजे कानशील, कान, डोळा व कपाळ यांच्या अर्ध्या भागात तीव्र वेदना सांगितल्या आहेत. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातील अनंतवातात दूषित दोष मन्येला पीडून घाटेत, म्हणजे मानेच्या मागील भागात, तीव्र वेदना उत्पन्न करतात व त्या डोळा, भुवई व शंखप्रदेशी स्थिर होतात, असे म्हटले आहे. मानेकडून डोळ्याकडे जाणारा हा क्रम लक्षवेधी आहे खरा. परंतु त्याच ठिकाणी हनुवटीचे जखडणे व नेत्रविकारही सांगितले असल्याने अनंतवात म्हणजेच मानजन्य डोकेदुखी असे समीकरण मांडणे धाडसाचे होईल. चेहऱ्याच्या तंत्रिकाशूलाशी त्याचा मेळ घालणारे अभ्यासकही आहेत.

भौतिकोपचारकाची तपासणी प्रथम उपचार टाळण्याची कारणे शोधते. पूर्वी कधीही न झालेले, अचानक सुरू झालेले मान व डोके यांचे एका बाजूचे तीव्र दुखणे हे मानेतील रोहिणीच्या भित्तीची चीर असू शकते. त्यासोबत दुहेरी दिसणे, बोलताना वा गिळताना अडखळणे, तोल जाणे किंवा पापणी खाली येणे यांपैकी काही असल्यास मानेला हात न लावता रुग्णास तातडीने रुग्णालयात पाठवावे लागते. संधिवाताभ आजार (सांध्यांचा दीर्घकालीन दाहक विकार) असलेल्यांत वरच्या मणक्यांचे अस्थिबंध सैल झालेले असू शकतात. हस्तोपचारकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने या धोक्यांच्या मूल्यमापनाची चौकट २०१२ मध्ये दिली व २०२० मध्ये ती सुधारली. एखादी एकच चाचणी करून रुग्ण सुरक्षित ठरविण्याची जुनी पद्धत तीत मागे पडली असून रक्तदाब, पूर्वेतिहास व तंत्रिकांची तपासणी यांचा एकत्र विचार अपेक्षित आहे.

यानंतरच्या चाचण्यांपैकी वाक-वळण चाचणीला विशेष महत्त्व आहे. रुग्ण उताणा असताना तपासणारा त्याची मान पूर्णपणे पुढे वाकवतो व त्याच स्थितीत डोके एकेका बाजूस वळवितो. पूर्ण वाकविल्यामुळे खालचे मणके ताणले जाऊन त्यांचे वळणे बरेच थांबते व उरलेली हालचाल मुख्यतः पहिल्या व दुसऱ्या मणक्यांमध्ये होते. मानेच्या एकूण वळणापैकी जवळजवळ निम्मे वळण याच जोडीत होत असल्याने येथील अडथळा चटकन उघड होतो. निरोगी व्यक्तीत हे वळण प्रत्येक बाजूस सुमारे ४४ अंश असते. ते एका बाजूस ३२-३३ अंशांच्या खाली असल्यास चाचणी सकारात्मक मानतात. २००७ मधील एका अभ्यासात तिची संवेदनक्षमता (विकार असलेल्यांना ओळखण्याचे प्रमाण) ९१ टक्के व विशिष्टता (विकार नसलेल्यांना वगळण्याचे प्रमाण) ९० टक्के आढळली. मात्र असे आकडे निवडक रुग्णांवर अनुभवी हातांनी मिळविलेले असतात, हे विसरू नये.

दुसरी चाचणी मानेच्या पुढील बाजूच्या खोल स्नायूंची असून ती ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात ग्वेन्डोलिन जल व सहकाऱ्यांनी विकसित केली. उताण्या रुग्णाच्या मानेखाली हवेची लहान पिशवी ठेवून तिच्यातील दाब २० मिमी. पाऱ्याइतका केला जातो. रुग्णाने ‘हो’ म्हणताना हलवावी तशी हनुवटी हळूच खाली घेऊन दाब २२, २४, २६, २८ व ३० मिमी. असा टप्प्याटप्प्याने वाढवावयाचा व प्रत्येक टप्पा १० सेकंद टिकवावयाचा असतो. डोके उचलले गेले किंवा गळ्याच्या बाजूचे मोठे स्नायू ताठ झाले, तर तो टप्पा साधला असे धरत नाहीत. मानजन्य डोकेदुखीच्या अनेक रुग्णांना खालचे टप्पेही पेलत नाहीत. जी कृती चाचणी, तीच पुढे व्यायाम होते : जो टप्पा स्वच्छपणे साधतो त्यावर १० सेकंदांच्या १० आवृत्त्या, मग पुढचा टप्पा. जोर लावून केलेला हा व्यायाम निरुपयोगी ठरतो. जड वजने उचलण्याची सवय असलेल्या रुग्णाला ही गोष्ट पटविणे हेच कित्येकदा अवघड जाते.

हस्तसंचालनाच्या पद्धती निरनिराळ्या परंपरांतून आल्या आहेत. ऑस्ट्रेलियन भौतिकोपचारक जेफ्री मेटलंड यांनी सांध्यावरील लयबद्ध दाबाच्या श्रेणी ठरवून दिल्या. त्यांपैकी पहिल्या चार मंद संचालनाच्या असून झटक्याने केलेले संचालन त्यांपलीकडची पायरी मानले जाते. न्यूझीलंडचे ब्रायन मलिगन यांच्या पद्धतीत उपचारक मणका सरकवून धरतो व त्याच वेळी रुग्ण स्वतः दुखरी हालचाल करतो. ती वेदनारहित झाली तरच पद्धत योग्य लागू पडली असे समजतात. टोबी हॉल व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये या तत्त्वावर पट्ट्याच्या साहाय्याने रुग्णाने घरी स्वतः करावयाच्या वळणाच्या व्यायामाची ३२ रुग्णांवर चाचणी घेतली. तीत वर्षअखेरीस डोकेदुखीचा निर्देशांक निम्म्याहून अधिक घटला. नमुना लहान असला, तरी साधेपणामुळे ही पद्धत झपाट्याने पसरली.

उपचारांच्या परिणामकारकतेबाबत अजूनही मुख्यतः जल व सहकाऱ्यांच्या २००२ च्या चाचणीचा आधार घेतला जातो. तीत २०० रुग्णांचे चार गट करून हस्तोपचार, व्यायाम, दोन्ही एकत्र व केवळ नियंत्रण (यांपैकी कोणताही उपचार नाही) यांची सहा आठवडे तुलना केली व १२ महिने पाठपुरावा केला. हस्तोपचार व व्यायाम या दोहोंनी दुखण्याची वारंवारता व तीव्रता कमी झाली आणि हा लाभ वर्षभर टिकला. दोन्ही एकत्र दिल्याने संख्याशास्त्रीय दृष्ट्या अधिक फायदा दिसला नाही, तरी आराम मिळालेल्या रुग्णांचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त होते. २०१६ मधील ११० रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत झटक्याचे संचालन हे मंद संचालन व व्यायाम यांहून सरस ठरले, तर २०१८ मधील २५६ रुग्णांच्या चाचणीत ०, ६, १२ व १८ भेटींची तुलना करता भेटी वाढल्या तसा लाभही वाढल्याचे दिसले. या सर्व चाचण्यांत रुग्णाला कोणता उपचार मिळतो हे लपविणे शक्य नसते, ही त्यांची अंगभूत मर्यादा होय. रोहिणीस इजा होण्याचा धोका दुर्मिळ असला तरी त्याचे परिणाम गंभीर असल्यामुळे, आणि मंद संचालन व व्यायामाने पुरेसा गुण येत असल्यास, वरच्या मणक्यांवर झटका देण्याची घाई करू नये, हे मत येथे ग्राह्य धरले आहे. मुले व किशोर यांच्याबाबत पुरावा तुटपुंजा आहे. ५२ जणांवरील एका जर्मन चाचणीत संचालनाचा लटक्या उपचाराहून अधिक उपयोग दिसला नाही.

खांद्याच्या फऱ्याभोवतीच्या स्नायूंचे कमी भाराचे व्यायाम, बैठकीत वरचेवर बदल व पडद्याची उंची डोळ्यांसमोर आणणे यांचा समावेश बहुतेक उपचारक्रमांत असतो. शेक, विद्युत्-उपचार व मानेला ताण देणे यांना या विकारात स्वतंत्र आधार फारसा नाही. गळ्यातील पट्ट्याचा दीर्घकाळ वापर स्नायूंना आणखी दुर्बल करतो, म्हणून तो टाळतात.

महाराष्ट्रात या उपचाराचे शास्त्रीय शिक्षण मुंबईतील के. ई. एम. रुग्णालयात १९५२-५३ च्या सुमारास भौतिकोपचाराचे विद्यालय सुरू झाल्यापासून उपलब्ध आहे. व्यवसायाच्या नोंदणीसाठी राज्यात २००२ चा अधिनियम आहे व २०२१ च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली. मेटलंड व मलिगन यांच्या पद्धतींचे प्रशिक्षण घेतलेले उपचारक मोठ्या शहरांत आढळतात. गावोगावी मात्र मान ‘मोडून’ देणाऱ्यांकडे जाण्याचा प्रघात आहे. त्यांत पूर्वतपासणी होत नसल्याने वर सांगितलेले धोके तेथे अधिक संभवतात.