ग्राफाइटमधल्या कामाच्या भेगा

पोलाद लालबुंद होईपर्यंत तापवलं की त्याचा जोर ओसरतो. कारखान्यात बनवलेला ग्राफाइट मात्र हवा लागू न देता तापवत नेला, तर अधिकाधिक बळकट होतो. सुमारे 2500 अंश सेल्सिअसला त्याची ताकद थंड असतानाच्या जवळजवळ दुप्पट भरते. याचं कारण त्याच्या आतल्या बारीक भेगांमध्ये आहे, आणि त्या भेगा तो तयार होतानाच पडलेल्या असतात.

ग्राफाइटच्या स्फटिकात कार्बनचे अणू षटकोनी जाळीच्या थरांत असतात. एका थरातले शेजारी अणू 0.142 नॅनोमीटरवर, घट्ट बांधलेले. दोन थरांत अंतर 0.335 नॅनोमीटर आणि बंध दुबळा. त्यामुळे तापल्यावर स्फटिक थरांच्या प्रतलात जवळजवळ फुगतच नाही, थरांना काटकोनात मात्र भरपूर फुगतो. पुढचं सगळं या एका विसंगतीतून येतं.

कारखान्यात पेट्रोलियम कोक (खनिज तेलाच्या गाळापासून मिळणारा घन कार्बन) दळून कोलटार पिचमध्ये, म्हणजे दगडी कोळशाच्या डांबराच्या चिकट राळेत, मळतात, आकार देतात आणि सुमारे 1000 अंशांपर्यंत अगदी सावकाश भाजतात. पिचमधले वायू निघून जातात, मागे छिद्रं राहतात. ती भरायला पुन्हा पिच मुरवतात. मग विजेच्या भट्टीत 2800 ते 3000 अंशांपर्यंत तापवलं की विस्कळीत कार्बनचे थर लागतात. ही पद्धत अमेरिकी संशोधक एडवर्ड अ‍ॅचेसनची, 1896च्या पेटंटची. नंतर माल थंड होताना प्रत्येक कण एका दिशेला आकसतो, पण वेगळ्या दिशेला तोंड असलेले शेजारी कण त्याला आकसू देत नाहीत. ताण वाढतो आणि थर एकमेकांपासून सुटतात. या भेगांचा उलगडा भौतिकशास्त्रज्ञ स्टॅनिस्लॉ म्रोझोव्स्की यांनी केला, म्हणून त्या त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात.

या भेगांना मी दोष म्हणणार नाही. पुन्हा तापवल्यावर स्फटिक फुगतात ते आधी याच मोकळ्या जागेत, त्यामुळे अख्खा ठोकळा फारसा वाढत नाही आणि एकदम तापला-निवला तरी सहसा तडकत नाही. तापमान चढेल तशा भेगा मिटतात, म्हणूनच ताकदही वाढते. स्फटिकाची घनता घन सेंटीमीटरला 2.26 ग्रॅम असते, अणुभट्टीतल्या ग्राफाइटची साधारण 1.8. म्हणजे पाचवा हिस्सा पोकळीच.

आकार कसा दिला यावरही गुण ठरतात. सोऱ्यातून शेव पाडावी तसा लगदा तोंडातून दाबून काढला, तर लांबट कण त्या दिशेला वळतात. मग लांबीच्या दिशेला वीज अधिक सहज वाहते आणि ताकदही जास्त मिळते, आडव्या दिशेला दोन्ही कमी. पोलादाच्या भट्टीतल्या इलेक्ट्रोडला हे सोयीचं. सगळ्या बाजूंनी सारखा दाब दिला तर हा फरक बराच पुसला जातो.

तयार ग्राफाइटवर भार टाकला की त्याचा इतिहास आत उमटतो. अगदी कमी भारालाही ताण आणि विकृती (ताणामुळे आकारात होणारा बदल) यांचा आलेख सरळ राहत नाही. भार काढला तरी ठोकळा पूर्ववत होत नाही, आणि त्याचा ताठरपणाही उतरतो. उच्च तापमानाला पुन्हा भाजून तो बराच परत मिळवता येतो. दाबाखाली ग्राफाइट ओढीपेक्षा तीन-चार पट अधिक भार सोसतो. जिथे ओढ बसते, तिथे जपावं लागतं.

ब्रिटनच्या प्रगत वायुशीतक अणुभट्ट्यांत हे सगळं एकत्र आलं. तिथे न्यूट्रॉनचा वेग कमी करायला ग्राफाइटच्या विटा रचतात. त्या गिल्सोकार्बनच्या: अमेरिकेतल्या युटाहमध्ये सापडणाऱ्या गिल्सोनाइट या नैसर्गिक डांबरापासून केलेल्या गोलसर कोकच्या, जेणेकरून वीट सगळ्या दिशांना सारखी वागावी. न्यूट्रॉनच्या माऱ्याने वीट आधी आकसते. आतली बाजू जास्त मारा खाते, जास्त आकसते आणि ओढली जाते. पुढे वर्षांनी, लहान भेगा भरून गेल्यावर, तीच बाजू फुगू लागते. ओढ बाहेरच्या बाजूला सरकते आणि विटा जोडणाऱ्या खाचांच्या कोपऱ्यात साठते. भरीला, शीतक म्हणून वाहणारा कार्बन डायऑक्साइड किरणोत्सर्गामुळे ग्राफाइट हळूहळू खातो. इतके आघात होऊनही विटा दशकं टिकल्या, कारण मारा चालू असताना ग्राफाइट सावकाश सरकत हा ताण उतरवतो. हा गुण नसता तर त्या कितीतरी आधीच फुटल्या असत्या.

शेवटी खाचांमध्ये तडे गेलेच. स्कॉटलंडच्या हंटरस्टन बी अणुवीज केंद्रात कॅमेरे सोडून तडे मोजले गेले, विटांमधून छोटे नमुने कापून तपासले गेले. प्रश्न केवळ वीट फुटण्याचा नव्हता. भूकंपात अणुभट्टी थांबवणारे नियंत्रक दांडे विटांमधल्या वाटांतून सरळ खाली उतरतील का, हा होता. तशी खात्री देणं दरवर्षी अवघड होत गेलं आणि 7 जानेवारी 2022 रोजी तिथली शेवटची अणुभट्टी बंद करण्यात आली.