गरोदरपणातली खाज आणि बाइल ॲसिड तपासणी: नमुना देण्याआधी वाचा

अंगावर पुरळ नाही, पण तळहात-तळपायांना खाज सुटते आणि रात्री इतकी वाढते की झोप लागत नाही. सातव्या महिन्यानंतर अशी तक्रार आली की डॉक्टर लिव्हरच्या तपासण्यांबरोबर बाइल ॲसिड लिहून देतात. लिव्हरमधून आतड्यात जायचं पित्त अडून रक्तात उतरतंय का, ते यातून कळतं. या आजाराला गरोदरपणातला कोलेस्टॅसिस म्हणतात. नमुन्याबरोबर आम्ही एक फॉर्म भरून घेतो. तो घाईत कोरा सोडू नका.

पहिला प्रश्न घरच्यांचा आहे. पित्त पेशीबाहेर टाकायला लिव्हरमध्ये प्रथिनांचे पंप असतात. ते घडवणाऱ्या जनुकांच्या, मुख्यतः एबीसीबी४ आणि एबीसीबी११ यांच्या, दोन प्रतींपैकी एक सदोष असली तरी एरवी बहुधा काही जाणवत नाही; चांगली प्रत काम भागवते. गरोदरपणात मात्र पंप कमी पडू शकतो. आई आणि बहिणीला सगळ्याच विचारतात, आत्या राहून जाते. दोष वडिलांकडूनही येतो, फक्त त्यांच्यात तो गरोदरपणातल्या खाजेच्या रूपात दिसत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना विचारा: गरोदरपणात खाज किंवा कावीळ झाली होती का, चाळिशीच्या आत पित्ताशयात खडे झाले का, गर्भनिरोधक गोळ्यांनी खाज सुटली होती का. घरात कुणालाच नसलं तरी हा आजार होऊ शकतो. तुम्हाला मागच्या खेपेला झाला असेल तर तेही लिहा. पुन्हा होण्याची शक्यता बरीच असते.

दुसरा प्रश्न हार्मोनचा. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन शेवटच्या तिमाहीत सर्वाधिक असतात, आणि लिव्हरमध्ये त्यांची जी रूपं तयार होतात ती हेच पंप मंद करतात. जुळ्यांत हार्मोनचं प्रमाण आणखी जास्त, म्हणून धोकाही जास्त. आयव्हीएफ झालं असेल, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं चालू असतील तर नाव, डोस आणि सुरू केल्याची तारीख लिहा. औषध मनाने बंद करू नका. हिपॅटायटिस सी असल्यास तोही नोंदवा.

उपाशी राहायची सक्ती नाही, पण शेवटचं खाणं किती वाजता झालं ते सांगा. जेवणानंतर आकडा चढतो. उपाशीपोटी १० मायक्रोमोल प्रति लिटरपर्यंत ठीक मानतात. जेवून आलेल्यांसाठी १९ ही हद्द धरतात. ४० च्या वर मध्यम, १०० किंवा अधिक म्हणजे तीव्र. बाळ पोटात दगावण्याचा धोका १०० च्या पुढे ठळकपणे वाढतो, म्हणून तिथे डॉक्टर बाळंतपण ३५-३६ आठवड्यांतच उरकायचा विचार करतात.

रिपोर्ट वाचताना हमखास फसगत होते ती अल्कलाइन फॉस्फेटेजवर. हे एन्झाइम वारेतूनही येतं, त्यामुळे ते एकटंच वाढलेलं दिसलं तर घाबरू नका. उलट बाइल ॲसिड नॉर्मल आलं म्हणून निर्धास्तही होऊ नका: खाज आधी आणि आकडा काही आठवड्यांनी, असंही होतं. खाज टिकली तर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा, शक्यतो त्याच वेळी आणि तितकंच खाऊन. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड (या आजारात दिलं जाणारं औषध) चालू असेल तर सांगाच. ते स्वतःच बाइल ॲसिड आहे आणि आकड्यात मोजलं जातं.

उलट्या, उजव्या बरगडीखाली दुखणं, जोराची डोकेदुखी, अंधुक दिसणं, गुंगी यांपैकी काही असेल तर लॅबमध्ये येऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा. गरोदरपणात लिव्हरमध्ये झपाट्याने चरबी साचण्याचा एक आजार असतो, आणि त्यातही आनुवंशिकता असू शकते. मात्र तिथे दोष बाळात असतो: आई-वडील दोघांकडून सदोष जनुक आल्याने बाळाला लांब साखळीची स्निग्धाम्लं नीट जाळता येत नाहीत. असा आजार झालेल्या आईच्या बाळाचीही जन्मानंतर तपासणी व्हायला हवी.

बाळंतपणानंतर खाज सहसा काही दिवसांत थांबते. तरी किमान ४ आठवड्यांनी लिव्हरची तपासणी पुन्हा करा आणि जुना रिपोर्ट बरोबर आणा. आकडे तेव्हाही उतरले नसतील तर कारण गरोदरपणापलीकडे शोधावं लागतं. गर्भनिरोधक गोळ्या निवडतानाही हा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, कारण इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी खाज परतू शकते.