एलएफएच १६ : दोन्ही महायुद्धांत वापरलेली जर्मन हॉवित्झर

१०५ मिमी म्हटलं की आपल्याकडे देवळालीचं तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आणि इंडियन फिल्ड गन आठवते, पण ही त्याच कॅलिबरची (म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची) बरीच जुनी जर्मन तोफ. एलएफएच म्हणजे लाइट फिल्ड हॉवित्झर. हॉवित्झर म्हणजे गोळा उंच फेकून टेकडीमागे किंवा खंदकात वरून पाडणारी, आणि लाइट म्हणजे घोड्यांनी ओढून नेण्याइतपत हलकी.

१९१४ ला युद्ध पेटलं तेव्हा फ्रेंच आपल्या ७५ मिमी तोफेवरच खूश होते, तिचा मारा सपाट. जर्मन इन्फन्ट्री डिव्हिजनकडे मात्र १८ हलक्या हॉवित्झर होत्या, मॉडेल ९८/०९. सैन्य खंदकात शिरल्यावर हा फरक फ्रेंचांना चांगलाच महागात पडला. पण ९८/०९ ची नळी आखूड, पल्ला जेमतेम ६.३ किमी, म्हणजे समोरच्याच्या तोफा त्याहून लांबून मारायला लागल्या की हिचा काही उपयोग नाही. मग राइनमेटाल या जर्मन शस्त्रास्त्र कंपनीने नळी लांब केली, पल्ला ९ किमीच्या पुढे गेला आणि १९१६ मध्ये एलएफएच १६ आली.

खरी गंमत युद्ध हरल्यावर आहे. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला फक्त १ लाखाचं सैन्य ठेवायची परवानगी दिली, त्यात १०५ मिमी हॉवित्झर मोजून ८४ आणि प्रत्येकीला ८०० गोळे, त्याहून जड फिल्ड तोफा बंद. त्यामुळे हॉवित्झरवाले पुढची पंधरा वर्षं याच जुन्या तोफेवर शिकले. गुपचूप नवीन डिझाइन चालू होतंच, १९२८-२९ च्या सुमारास काम सुरू केलेल्या तोफेला त्यांनी नाव दिलं एलएफएच १८, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं १९१८ चाच माल आहे! ती १९३५ पासून सैन्यात यायला लागली, तिचे मागचे दोन पाय फाकवता यायचे म्हणून नळी डावी-उजवीकडे भरपूर फिरायची. १६ ला एकच पाय, नेम जरा जास्त बाजूला घ्यायचा तर अख्खी तोफ ढकला.

तरी १६ भंगारात गेली नाही, ट्रेनिंगला आणि दुय्यम युनिट्सना दिली. पहिल्या युद्धानंतर बेल्जियमकडे गेलेल्या काही तोफा १९४० मध्ये परत जर्मनांच्याच हाती लागल्या, आणि फ्रान्समध्ये पकडलेल्या ब्रिटिश मार्क ६ रणगाड्यांपैकी काहींवर आल्फ्रेड बेकर नावाच्या अधिकाऱ्याने हीच तोफ बसवून चालती-फिरती हॉवित्झर करून घेतली.