साप्ताहिक इंजेक्शने (मधुमेह व स्थूलता)

प्रकार–२ मधुमेहात रक्तातील साखर आटोक्यात ठेवण्यासाठी आणि स्थूलतेत वजन उतरविण्यासाठी आठवड्यातून एकदा त्वचेखाली टोचून घ्यावयाची औषधे. आतड्यातील जीएलपी–१ या हार्मोनप्रमाणे कार्य करणारी डुलाग्लुटाइड व सेमाग्लुटाइड, तसेच जीएलपी–१ आणि जीआयपी (आतड्यातीलच दुसरे हार्मोन) या दोन्हींच्या ग्राहींवर (हार्मोन जेथे जोडले जाऊन कार्य करते त्या पेशींवरील प्रथिनांवर) कार्य करणारे टिर्झेपाटाइड ही त्यांतील प्रमुख होत. ही इन्शुलिने नव्हेत आणि प्रकार–१ मधुमेहात इन्शुलिनची जागा घेऊ शकत नाहीत, हे ठामपणे सांगणे जरूर आहे. आठवड्यातून एकदा घ्यावयाचे इन्शुलिन आयकोडेक हे निराळे औषध असून त्याला यूरोपीय संघात २०२४ मध्ये मान्यता मिळाली.

आतड्यातून स्वादुपिंडाकडे काही रासायनिक संदेश जात असावा, ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभापासूनची आहे. १९०६ मध्ये मूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रहणीचा (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचा) अर्क मधुमेहींना देऊन पाहिला होता. मात्र शिरेतून दिलेल्या ग्लुकोजपेक्षा तोंडावाटे दिलेले ग्लुकोज जास्त इन्शुलिन स्रवविते, याचा पुरावा १९६४ च्या सुमारास मिळाला. जीएलपी–१ च्या शोधाचे श्रेय कोणाचे, यावर मतभेद आहेत. ग्लुकॅगॉन या रक्तातील साखर वाढविणाऱ्या हार्मोनच्या पूर्वरूपाचे जनुक उलगडण्याचे काम बॉस्टन येथे जोएल हॅबनर यांच्या प्रयोगशाळेत १९८० नंतरच्या दोनतीन वर्षांत प्रथम माशावर झाले. सस्तन प्राण्यांतील याच जनुकात जीएलपी–१ ची साखळी १९८३ च्या सुमारास दिसली. तिचा ७ ते ३७ क्रमांकांच्या ॲमिनो अम्लांचा तुकडाच खरा क्रियाशील आहे, हे स्वेतलाना मोयसोव्ह यांनी ओळखले. कोपनहेगनमध्ये येन्स यूल होल्स्ट यांचा गटही त्याच सुमारास अशाच निष्कर्षाला आला. आरंभीच्या पेटंटांत मोयसोव्ह यांचे नाव नव्हते, ते पुढे समाविष्ट झाले. लांब साखळी जवळजवळ निष्क्रिय असल्याने क्रियाशील तुकडा ओळखणे हाच निर्णायक टप्पा होय, हे मत अधिक ग्राह्य वाटते. २०२४ चा लास्कर पुरस्कार (वैद्यकीय संशोधनासाठीचा अमेरिकी पुरस्कार) हॅबनर, मोयसोव्ह आणि नोव्हो नॉर्डिस्क या औषध कंपनीतील संशोधक लोटे ब्येरे क्नुडसेन यांना विभागून मिळाला.

शरीरातील जीएलपी–१ औषध म्हणून निरुपयोगी ठरते, कारण डीपीपी–४ हे एंझाइम त्याच्या टोकाची दोन ॲमिनो अम्ले तोडते आणि त्याचा अर्धायुकाल (रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ) जेमतेम दोन मिनिटांचा राहतो. या औषधांचा इतिहास म्हणजे ही दोन मिनिटे एका आठवड्यापर्यंत ताणण्याचा इतिहास होय. जॉन एंग यांना गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषात एक्सेंडिन–४ सापडले (१९९२). त्याची रचना जीएलपी–१ शी निम्म्याहून किंचित अधिक जुळते, पण डीपीपी–४ त्याला सहज तोडू शकत नाही. त्यावरून एक्सेनाटाइड आले (२००५). ते दिवसातून दोनदा घ्यावे लागे. तेच औषध विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या सूक्ष्म गोलकांत कोंडून पहिले साप्ताहिक रूप तयार झाले (यूरोप २०११, अमेरिका २०१२). डुलाग्लुटाइडमध्ये (२०१४) जीएलपी–१ सारखे पेप्टाइड (ॲमिनो अम्लांची लहान साखळी) प्रतिपिंडाच्या एका खंडाला जोडलेले असते. सेमाग्लुटाइडमध्ये (२०१७) आठव्या स्थानावरील ॲमिनो अम्ल बदलून डीपीपी–४ ला अटकाव केला आहे, तर सव्विसाव्या स्थानावरील लायसिनला १८ कार्बनांची वसाम्ल-साखळी जोडली आहे. ही साखळी रक्तातील अल्ब्युमिनला चिकटून राहते, त्यामुळे औषध मूत्रपिंडातून चटकन गळून जात नाही. याचा अर्धायुकाल सुमारे सात दिवस आणि टिर्झेपाटाइडचा (२०२२) सुमारे पाच दिवस आहे.

साखर वाढलेली असतानाच इन्शुलिन स्रवविणे, ग्लुकॅगॉन कमी करणे, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावणे आणि मेंदूतील केंद्रांवर कार्य करून भूक शमविणे असे यांचे परिणाम आहेत. जठरावरील परिणाम काही आठवड्यांत ओसरू लागतो. म्हणून वजनातील घट मुख्यतः भूक मंदावल्याने होते, असे मानणे योग्य. जीआयपीचा वाटा अद्याप वादग्रस्त आहे, कारण जीएलपी–१ च्या जोडीने त्याचा ग्राही उत्तेजित केला काय किंवा रोखला काय, दोन्ही प्रकारे वजन घटल्याचे आढळले आहे.

मधुमेह नसलेल्या स्थूल व्यक्तींत सेमाग्लुटाइडच्या २.४ मिग्रॅ. मात्रेने ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के, तर टिर्झेपाटाइडच्या १५ मिग्रॅ. मात्रेने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन घटले. मधुमेहींत घट यापेक्षा कमी असते. हृद्रोग असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या जादा वजनाच्या लोकांत सेमाग्लुटाइडने हृदय व रक्तवाहिन्यांसंबंधीच्या गंभीर घटना सुमारे २० टक्क्यांनी कमी झाल्या (२०२३).

पोट, मांडी किंवा दंड येथे जागा बदलून इंजेक्शन घेतात. औषध शरीरात साचत जाऊन स्थिर पातळी गाठायला चारपाच आठवडे लागतात. म्हणूनच मात्रा किमान चार आठवड्यांच्या टप्प्यांनी वाढवितात. ही पायरी गाळल्यास मळमळ व उलट्या बळावतात, आणि टोचलेले औषध परत काढता येत नसल्याने त्रास कित्येक दिवस टिकू शकतो. जठर उशिरा रिकामे होऊ शकत असल्याने शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला हे औषध चालू असल्याची कल्पना द्यावी. सल्फोनिलयुरिया (इन्शुलिन स्रवविणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या) किंवा इन्शुलिन सोबत असल्यास साखर फार उतरण्याचा धोका वाढतो. पित्ताश्मरी व स्वादुपिंडदाह हे विरळ पण गंभीर दुष्परिणाम होत. साखर झपाट्याने उतरल्यास आधीचा दृष्टिपटल विकार काही काळ बळावू शकतो. थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगाचा वैयक्तिक वा कौटुंबिक इतिहास असल्यास ही औषधे देत नाहीत. याचा आधार मुख्यतः उंदीर-घुशींवरील प्रयोगांचा आहे. गर्भधारणेत ती वर्ज्य असून सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते.

सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश वजन परत आल्याचे दिसले आहे. घटलेल्या वजनात चरबीबरोबर स्नायूंचाही काही भाग असतो. वृद्धांमध्ये याकडे विशेष लक्ष पुरवावे लागते.