जुन्या स्कॅनची सीडी आम्ही का मागतो
(फुफ्फुसाच्या कर्करोगावर टार्गेटेड, म्हणजे कर्करोगाच्या पेशींतील ठरावीक बदलावर नेमका मारा करणाऱ्या, गोळ्या चालू असलेल्या रुग्णांसाठी व नातेवाइकांसाठी)

कर्करोग हाडांपर्यंत पोहोचलेला असताना ऑसिमर्टिनिब किंवा अलेक्टिनिबसारख्या गोळ्या सुरू झालेल्या रुग्णांचे नातेवाईक दुसऱ्या सीटी स्कॅननंतर आम्हाला, म्हणजे स्कॅनचा रिपोर्ट देणाऱ्यांना, बहुधा एकच प्रश्न विचारतात: छातीतली गाठ लहान झाली, मग मणक्यात नवे पांढरे डाग कुठून आले?

कर्करोगाच्या पेशी हाड झिजवणाऱ्या पेशींना चेतवतात, त्यामुळे हाड पोखरले जाते आणि ती जागा सीटीवर काळसर दिसते. गोळ्या लागू पडल्या की तिथे नवे हाड भरू लागते आणि तीच जागा दाट, पांढरी होते. काही डाग सुरुवातीला हाडाच्या आतल्या मज्जेतच असल्यामुळे पहिल्या सीटीत उमटतच नाहीत. ते भरून येताना प्रथम दिसतात, म्हणून नवे वाटतात. बोन स्कॅनमध्येही (किरणोत्सारी औषध टोचून काढलेल्या हाडांच्या स्कॅनमध्ये) उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत डाग तात्पुरते गडद होऊ शकतात; त्याला फ्लेअर म्हणतात.

मात्र प्रत्येक पांढरा डाग भरून येणाऱ्या हाडाचाच असतो असे नाही; तो वाढत्या आजाराचाही असू शकतो. हा फरक जुन्या स्कॅनशी ताडून पाहिल्यावरच सांगता येतो, आणि नेमकी इथेच अडचण येते. बरेच जण फक्त जुना रिपोर्ट किंवा मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो आणतात. छातीच्या फिल्मवर अनेकदा हाडे नीट दिसावीत अशी वेगळी मांडणी (बोन विंडो) छापलेलीच नसते. सीडीत मूळ प्रतिमा असल्यामुळे ती पुन्हा उघडून तोच मणका शेजारी-शेजारी पाहता येतो. सीडी नसेल तर आम्ही रिपोर्ट थोडा थांबवतो. याचा काहींना राग येतो, तरीही तुलना न करता 'नवे डाग' असे लिहून चांगला चाललेला उपचार बदलण्याची वेळ आणण्यापेक्षा एक दिवस उशीर आम्हाला योग्य वाटतो. स्कॅन दुसरीकडे काढलेला असला तरी तुलनेचे वेगळे शुल्क आम्ही घेत नाही. सीडी हरवली असल्यास त्या केंद्राकडे प्रत मागावी. पुढचे स्कॅन शक्यतो एकाच यंत्रावर काढल्यास तुलना अधिक सोपी होते.

गोळ्या आणि हाडांसाठीचे झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब यांविषयीचे निर्णय आपल्या कर्करोगतज्ज्ञांचेच आहेत; रिपोर्ट वाचून कोणतेही औषध परस्पर थांबवू नये. पाठीत अचानक तीव्र दुखू लागले, पाय लुळे पडू लागले किंवा लघवी अडली, तर आमच्या रिपोर्टची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.