रशीदुद्दीन चिश्ती दर्गा, बडोदे

बडोद्याच्या (वडोदरा) जुन्या शहरात चांपानेर दरवाजाजवळ असलेला सूफी दर्गा. महानगरपालिकेने १ मे २००६ रोजी तो अतिक्रमण ठरवून रस्तारुंदीकरणासाठी पाडला.

दर्ग्याचे वय दोनशेपासून तीनशेहून अधिक वर्षे सांगितले जाते. हा फरक किरकोळ नाही. बडोद्यावर गायकवाडांचा अंमल १७३४ मध्ये पक्का झाला. त्याआधी शहर बाबी या मुस्लिम घराण्याच्या सरदारांकडे होते. म्हणजे मोठा आकडा धरल्यास कबर मराठ्यांच्या आधीची, लहान धरल्यास गायकवाडीतली ठरते. नुसत्या ‘चिश्ती’ या नावावरून काळ काढणे धोक्याचे, कारण या सिलसिल्याचे (सूफी गुरुपरंपरेचे) पीर गुजरातेत सल्तनतकाळापासून आहेत. सयाजीराव तिसरे यांच्या कारकिर्दीतील नगरमोजणीत दर्गा दाखविलेला आहे, असे दर्ग्याच्या बाजूने मांडले गेले. लोकस्मृतीतील आकड्यांपेक्षा हा आधार अधिक भरवशाचा वाटतो. तो मानला, तर कबर आधीची आणि रस्ता तिच्यापर्यंत नंतर रुंदावत आलेला. मग पालिकेचा ‘अतिक्रमण’ हा शब्द नीट बसत नाही. (खुद्द चांपानेर दरवाजाही रस्त्यातच उभा आहे व रिक्षा त्याच्या कमानीखालून जातात, त्याला कोणी अतिक्रमण म्हणत नाही.)

पाडकामास मुस्लिम रहिवाशांनी विरोध केला. पोलीस गोळीबार व नंतरची दंगल यांत मिळून सहा जण मरण पावले; लष्कर बोलवावे लागले. २००२ च्या दंगलीत अहमदाबादेतील उर्दू कवी वली दखनी यांची कबर पाडून तेथे डांबरी रस्ता झाला होता, तर बडोद्यात गायकवाडांचे दरबारगायक फैयाझखाँ यांच्या कबरीची नासधूस झाली होती. तथापि त्या कबरींची मोडतोड जमावाची, हे पाडकाम पालिकेचे.

संविधानाच्या २५ व २६ या अनुच्छेदांतील धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्थेच्या अधीन आहे. १९९१ च्या उपासनास्थळ कायद्याचा रोख एका धर्माचे स्थळ दुसऱ्या धर्माचे करण्यावर आहे. रस्तारुंदीकरणाचा त्यात उल्लेख नाही. अयोध्येतील जागेच्या संपादनाबाबतच्या इस्माईल फारुकी खटल्यात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने, इतर प्रार्थनास्थळांप्रमाणे मशिदीची जागाही सरकारला संपादन करता येते, असे म्हटले. बडोद्यातील पाडकामाच्या दुसऱ्याच दिवशी, २ मे रोजी, गुजरात उच्च न्यायालयाने रस्त्यांवरील धार्मिक बांधकामे हटविण्याचा आदेश दिला. ४ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २९ सप्टेंबर २००९ रोजी सार्वजनिक जागी नव्या अनधिकृत प्रार्थनास्थळांना मनाई झाली. आधीच्या बांधकामांचा निर्णय राज्यांनी प्रकरणागणिक करावा, असे ठरले.