शर्टाचा धागा आणि समुद्राचा हिशेब

सकाळी साडेआठच्या सुमाराला आमच्या स्वयंपाकघरात कवडसा पडतो. ओट्यावरून सरकत तो मिसळणाच्या डब्यापर्यंत येतो, आणि तेवढ्या पट्ट्यात हवा किती भरलेली असते ते दिसतं. जाळीतून आलेल्या उन्हात नाचणाऱ्या या कणाला मनुस्मृतीत त्रसरेणू म्हटलंय आणि मोजमापातलं पहिलं परिमाण मानलंय. आठ त्रसरेणूंची एक लिक्षा, म्हणजे आपली लीख, असं करत हिशेब सोन्यारुप्याच्या वजनांपर्यंत चढत जातो.

आता त्या उन्हात कापसाचे तंतू, पिठी आणि अंगाचा कोंडा यांच्याबरोबर पॉलिएस्टरचे धागेही तरंगतात. समुद्रातलं प्लास्टिक मोजायला बसलेल्या माणसाचा खरा वैरी म्हणजे हाच, स्वतःच्या बाहीवरून सुटलेला धागा.

रिचर्ड थॉम्पसन हे इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठातले सागरी जीवशास्त्रज्ञ. १९९३ मध्ये ते विद्यार्थी होते आणि आयल ऑफ मॅन बेटावरच्या किनारा सफाईत सामील झाले होते. बाटल्या, दोर, जाळ्यांचे तुकडे गोणीत भरले जात होते. त्यांचं लक्ष मात्र भरतीच्या रेषेवर उरलेल्या बारीक रंगीत चुऱ्याकडे गेलं. तो कोणी उचलत नव्हतं, आणि सापडलेल्या कचऱ्याच्या तक्त्यात त्याच्यासाठी रकानाही नव्हता. पुढे शिकवायला लागल्यावर त्यांनी विद्यार्थ्यांना एक काम दिलं: किनाऱ्यावर जा आणि सापडेल तो सर्वांत लहान प्लास्टिकचा तुकडा घेऊन या. विद्यार्थी वाळू घेऊन आले.

वाळूतून प्लास्टिक वेगळं कसं करायचं? कोकणात भाताचं बी पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाकतात. भरलेले दाणे तळाशी बसतात, पोचट वर येतात. प्रयोगशाळेतली पद्धत तत्त्वाने हीच. दाट मिठाच्या पाण्यात वाळू ढवळली की वाळू खाली बसते, हलकं प्लास्टिक तरंगतं. वरचं पाणी गाळून गाळणकागद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. पण तिथे जे चमकतं ते सगळं प्लास्टिक नसतं. शिंपल्याचा कपचा असतो, शेवाळाचा तंतू असतो. आपण मडकं घेताना टिचकी मारून बघतो, तशी इथे अवरक्त किरणांची टिचकी मारतात. प्रत्येक पदार्थातले रासायनिक बंध आपापल्या लयीत थरथरतात आणि ठरावीक किरण शोषून घेतात. पॉलिथीनचा नाद वेगळा, नायलॉनचा वेगळा.

थॉम्पसन आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध मे २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. जेमतेम एका पानाचा. त्यात मायक्रोप्लास्टिक हा शब्द होता आणि तो तिथूनच रूढ झाला. ५ मिलिमीटरपेक्षा लहान ते मायक्रोप्लास्टिक, ही मर्यादा नंतरची. या निबंधातले कण त्याहून कितीतरी बारीक होते, काही २० मायक्रॉनच्या घरातले (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

त्या पानातला मला सगळ्यात आवडणारा भाग वाळूचा नाही, रेशमाचा आहे. ॲलिस्टर हार्डी नावाच्या शास्त्रज्ञाने प्लवक, म्हणजे समुद्रात तरंगणारे बारीक जीव, गोळा करायला एक यंत्र बनवलं होतं. १९३१ पासून ते मालवाहू जहाजांच्या मागे बांधून ओढलं जातंय. आत रेशमी कापडाची लांब पट्टी हळूहळू गुंडाळली जाते, समुद्राचं पाणी तिच्यातून गाळलं जातं आणि प्लवक तिच्यावर अडकतात. या पट्ट्या जपून ठेवल्या जातात. थॉम्पसन यांनी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या मार्गांवरच्या, १९६० च्या दशकापासूनच्या पट्ट्या काढून तपासल्या. प्लवकांच्या शेजारी प्लास्टिकचे धागे अडकलेले होते. साठ-सत्तरच्या दशकांपेक्षा ऐंशी-नव्वदच्या दशकांत ते लक्षणीय जास्त होते. प्लवक पकडणाऱ्यांनी नकळत प्लास्टिकची रोजनिशी लिहून ठेवली होती. आणि नशीब म्हणजे पट्टी रेशमाची होती. ती नायलॉनची असती तर समुद्रातला धागा कुठला आणि पट्टीचा कुठला, हा घोळ निस्तरताना पुरेवाट झाली असती.

हे धागे येतात कुठून? आमच्या वॉशिंग मशीनच्या जाळीत दर आठवड्याला करड्या लोकरीसारखा गोळा साठतो. कपडे कुठल्याही रंगाचे असोत, गोळा करडाच. २०१६ मध्ये संशोधक इमोजेन नॅपर यांनी थॉम्पसन यांच्याबरोबर हाच प्रश्न शिस्तीत सोडवला. वेगवेगळ्या कापडांचे तुकडे पुन्हा पुन्हा धुवायचे, बाहेर पडणारं पाणी गाळायचं आणि धागे मोजायचे. ६ किलो कपड्यांच्या एका धुण्यात ॲक्रिलिकमधून ७ लाखांहून जास्त धागे सुटू शकतात, पॉलिएस्टरमधून सुमारे ५ लाख, पॉलिएस्टर-सुती मिश्रणातून १ लाख ३८ हजारांच्या आसपास. आपल्या जाळीत सापडतो तो यातला जाडाभरडा माल.

याच नॅपर पुढे गंगेवर आल्या. २०१९ च्या मोहिमेत भारतीय आणि बांगलादेशी संशोधकही होते. हिमालयातल्या हरसिलपासून बांगलादेशातल्या भोलापर्यंत दहा ठिकाणी, पावसाळ्याआधी आणि नंतर, प्रत्येक नमुन्याला ३० लिटर पाणी पंपाने गाळून घेतलं. सापडलेल्या कणांत ९१ टक्के धागे होते, त्यातही निम्म्याहून जास्त रेयॉनचे. (रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून करतात, त्याला प्लास्टिक म्हणावं का यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. मला स्वतःला तो वेगळा मोजलेला बरा वाटतो.) गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना मिळून रोज १ ते ३ अब्ज कण बंगालच्या उपसागरात नेत असाव्यात, असा अंदाज त्यांनी मांडला. मोठा आकडा दिसला की आपले डोळे विस्फारतात. पण नमुन्याकडे बघा: दीड-दोन बादल्या पाण्यात एखाद-दुसरा धागा, कित्येक नमुन्यांत एकही नाही. अब्जांचा हिशेब या एकेका धाग्यावर उभा आहे. पंप धरणाऱ्याच्या बाहीचा एक धागा त्यात पडला, की त्या नमुन्याचं गणित दुप्पट.

हवेत तर हा धोका जास्तच. फ्रान्समधल्या पिरेनीज पर्वतात बर्नाडूझ नावाचं हवामान केंद्र आहे, सगळ्यात जवळचं गाव ६ किलोमीटरवर. २०१७-१८ च्या हिवाळ्यात स्टीव्ह ॲलन, डिओनी ॲलन आणि सहकाऱ्यांनी तिथे पाच महिने आकाशातून पडेल ते गोळा केलं. एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी ३६५ प्लास्टिक कण. वाऱ्याची वाट उलटी शोधली तेव्हा कण ९५ किलोमीटरपर्यंत प्रवास करून आले असावेत, असं दिसलं. त्या टापूत ना कारखाना ना मोठं शहर. कणांपैकी बहुतेक धागे नव्हतेच, तुटके तुकडे होते, बरेचसे ५० मायक्रॉनहून लहान. असे तुकडे वाऱ्याला भुकटीसारखे.

मग ते आपल्या पोटात आणि छातीत जातातच. प्रश्न किती, हा आहे, आणि इथे फार गडबड झाली आहे. माणूस आठवड्याला एटीएम कार्डाएवढं, म्हणजे ५ ग्रॅम प्लास्टिक खातो, हे तुम्ही व्हॉट्सॲपवर वाचलं असेलच. ते २०१९ च्या एका अहवालातलं. २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अन्न, पाणी आणि हवा धरून नव्याने हिशेब केला, तेव्हा प्रौढ माणसाचा मध्यक आकडा निघाला दिवसाला ५८३ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग). या वेगाने कार्डभर प्लास्टिक पोटात जायला वीस हजारांहून जास्त वर्षं लागतील. दोन्ही आकडे शास्त्रीय अंदाज म्हणून मांडलेले, फरक जवळपास दहा लाख पट. कणाचं वजन किती धरायचं यावरच सगळं फिरतं. लहान कण संख्येने प्रचंड असतात आणि वजनाला नगण्य.

याचा अर्थ काळजीचं कारण नाही, असा नाही. २०२४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रोहिणीतून शस्त्रक्रियेने काढलेला चरबीचा थर तपासला. २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या थरात पॉलिथीन सापडलं. ज्यांच्या थरात प्लास्टिक होतं त्यांना पुढच्या सुमारे तीन वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू येण्याचं प्रमाण साडेचार पट होतं. प्लास्टिकमुळेच हे झालं, असं मात्र यातून सिद्ध होत नाही.

ऊतींमधलं प्लास्टिक मोजताना आणखी एक फसगत होते. नमुना तापवून त्याची वाफ तपासायची, ही एक प्रचलित पद्धत. पॉलिथीन म्हणजे कार्बनची लांबलचक साखळी, आणि चरबीतही कार्बनच्या लांब साखळ्या असतात. तापवल्यावर दोन्हींचे काही तुकडे सारखेच निघतात. २०२५ मध्ये मेंदूत प्लास्टिक सापडल्याची बातमी गाजली, तेव्हा इतर संशोधकांनी बोट ठेवलं ते इथेच. मेंदूत पाणी वगळलं तर निम्म्याहून जास्त चरबी असते.

आता या प्रयोगशाळांत शिरताना कृत्रिम धाग्याचे कपडे चालत नाहीत. पाणी, मीठ, रसायनं आधी गाळून घ्यायची, भांडी काचेची किंवा धातूची. प्रत्येक खऱ्या नमुन्याबरोबर एक कोरा नमुना चालवायचा. त्यात समुद्राचा थेंबही नसतो, पण सगळे सोपस्कार तसेच करायचे. त्यात चार धागे निघाले तर ते घरचे, हिशेबातून वजा. काही ठिकाणी तर सुती डगले मुद्दाम भडक रंगात रंगवून घेतात, नारिंगी किंवा राणी. सूक्ष्मदर्शकाखाली नारिंगी धागा दिसला की मोजणारा मान वर करून आधी आपल्या बाहीकडे बघतो.